ओल्या दुपट्ट्याचा हात

दादा,

तुझी सायकल राजापेठेतल्या दुकानात टाकली आहे. पुढचं चाक आता गोल नाही. माझा गुडघाच तेवढा सोलला.

पुढच्या मोटारीतून उजवा हात बाहेर आला. असा हात दिसला की मोटार उजवीकडे वळणार, हे तूच मले शिकवलं. म्हणून मी डावीकडून निघालो. मोटारही डावीकडेच वळली आणि आमची भेट झाली. त्या हातात ओला दुपट्टा होता. डोक्याले बांधायच्या आधी मोटार चालवणारे काका तो वाऱ्यावर गार करून राहिले होते.

म्हटलं, "काका, हात कावून दाखवला?"

"मंग काय, दुपट्टा तुले विचारून गार करू?"

यावर मीच माफी मागितली. कावून, ते मले अजून समजलं नाही.

मग त्यांनी धर्मपाल मास्तरचं, म्हणजे आपलंच घर विचारलं. तेव्हा समजलं, हेच तेल्हाऱ्याचे जानराव, तुले मुलगी देणारे! ते तर उद्या येणार होते ना? मी म्हटलं, "मले माहीत नाही." आता ते घर शोधत येतीलच. मी मामाकडे चाललो.

चहा कर, दुपट्ट्यासाठी माठातलं पाणी दे. भाऊ किती विचारलं, तर सोयरीक ठरेपर्यंत तू एकुलता एक.

तुझा सध्या कोणीही नसलेला,
सुखदेव