बेळगावची बस

४ नोव्हेंबर
आजपासून बायकोला, मालूला घेऊन केलगेरी तळ्यावर फिरायला. डॉक्टरांचं फर्मान: चार लोकांत चालवा, जुनं बोलतं करा, विसरणं लांबेल. टोळकं सगळं सत्तरीपुढचं. म्होरक्या शांतक्का, रिटायर्ड हेडबाई. फेरी झाली की कट्ट्यावर बसून एकेकाने आठवण सांगायची. सांगणाऱ्याला खोडायचं नाही, हा नियम. मी जन्मभर कोर्टात खोडण्याशिवाय दुसरं केलं काय? मालू गप्प.

११ नोव्हें.
मालू बोलली! बेळगावचं माहेर, तिचे अप्पा शेंगा भाजायचे ते. कित्येक महिन्यांत इतकं सलग नाही. रिक्षात माझा हात धरून बसली. रडू आलं मला. येताना पेढे.

१५ नोव्हें.
आज अप्पांचं शेवटचं आजारपण काढलं. "निरोप आला, पण घरी ह्यांच्या पक्षकारांचं जेवण. हे म्हणाले, आधी पंगत उठू दे." पोचली तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती म्हणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
ओरडलो, "त्या दिवशी बस नव्हती!"
मालू शांतपणे, "होती. पुरण वाटताना खिडकीतून दिसली."
शांतक्का: "इरली बिड्री वकीलसाहेब, राहू दे. नियम आहे."
नियम गेला खड्ड्यात. बस नव्हती.

१८ नोव्हें.
मालू कट्ट्यावर तोंड उघडत नाही. घरी चमचा हातात धरून, हे काय म्हणून विचारते. शांतक्काने बाजूला घेतलं. "तुम्ही जरा लांब बसा की. तुम्ही असला की त्या घाबरतात."
घाबरते! काय कमी केलं हिला, ते सांग म्हणावं.

२२ नोव्हें.
पलीकडच्या बाकावर बसलो, माकडटोपी घालून. मालूचं हसणं इथवर येतं. शब्द येत नाहीत, बरंच आहे. डॉक्टर खूश. "सुधारणा आहे, चालू ठेवा."

२५ नोव्हें.
आज आपणहून माझ्या बाकाशी आली. वाटलं, ओळखलं. मूठभर शेंगा हातावर ठेवल्या.
"एकटेच बसता रोज? या की आमच्यात. आमचे हे येत नाहीत आता, मोकळं बोलता येतं." मग हळूच, "भेटले कुठे तर सांगू नका हं त्यांना."
नाही सांगणार, म्हटलं.
शेंगा खिशातच आहेत. उद्यापासून नेलं नाही, तर सगळं विसरेल. बससुद्धा.
तिने बूट दाराशी आणून ठेवलेत. फक्त स्वतःचे.