स्केल्डरची भिंत

सोमवार, ४ ऑक्टोबर १९५४

फाइल आली शेवटी. पेव्हरेलनं – माझा चिटणीस – ती गठ्ठ्याच्या अगदी तळाशी ठेवली होती. संध्याकाळी मी थकल्यावर हातात पडावी, न वाचता सही व्हावी! मी ती सगळ्यांत आधी उपसून काढली. स्केल्डर कोळसा खाण, पूर्व भाग.

तेवीस वर्षं झाली. स्फोट, मग आग. आग गुदमरून विझावी म्हणून कंपनीनं दुसऱ्या दिवशी विटांची भिंत घालून तो सगळा भाग बंद केला. आत सात माणसं होती. भिंत घातली तेव्हा ती मेलेली होती, असं चौकशीत ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवून घेतलं. कंपनीचा वकील मीच. वय एकतीस. तोवर गिल्बर्ट हॅसवेल म्हणजे डार्लिंग्टनच्या वाण्याचा पोरगा, कोर्टात दुसऱ्याचा झगा मागून घालणारा. त्या चौकशीनंतर दारात पक्षकारांची रांग लागली. मग पार्लमेंट. मग हे कोळसा-इंधनाचं खातं.

आता देशाला कोळसा हवाय. इंजिनिअर लेडलर लिहितो की आग केव्हाच विझली, भिंत फोडली तर पलीकडचा कोळसा काढता येईल. तसं नको असेल तर काँक्रीट ओतून विषय कायमचा मिटवावा. एक काहीतरी ठरवा, महिनाअखेरच्या आत, मंत्र्यांच्या सहीनं.

मंत्री मी.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

ऑफिसातल्या गरम पाण्याच्या नळात टकटक. अकराचा सुमार. सहज मोजले – सहा. थांबलं. पुन्हा सहा.

पेव्हरेलला म्हटलं, बॉयलर पेटवलेला दिसतोय. तो म्हणाला, एक नोव्हेंबरच्या आत पेटत नाही साहेब, नियम आहे. थंडी वाजत असेल तर घोंगडी मागवतो. ही थट्टा होती की सेवा, त्याच्या बाबतीत कधीच कळत नाही.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

चौकशीचा छापील वृत्तांत मागवला. पानं पिवळी पडलीत.

अमॉस रेन, पाळीवरचा मुकादम. शनिवारी स्फोट झाला, रविवारी भिंतीची तयारी चालू होती, तेव्हा तो त्या बोगद्यात हवेच्या नळापाशी एकटा होता. साक्षीत म्हणाला, नळाला कान लावला तर पलीकडून कोणी ठोकत होतं. सकाळी दहाला सात ठोके. दुपारी तीनला सहा. मॅनेजरला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. संध्याकाळी भिंत उभी राहिली.

सात माणसं, सात ठोके. मग सहा – म्हणजे एक गेला. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. बायका रडत होत्या. मी उठलो.

"मिस्टर रेन, त्या सातांत तुमचा धाकटा भाऊ होता ना?"

"होय. जोएल."

"तीस तास तुम्ही झोपला नव्हता."

"नाही."

मग मी त्याला पाठ फिरवून उभा राहायला सांगितलं आणि पेन्सिलनं टेबलावर ठोके मारले. किती, म्हणून विचारलं. तो म्हणाला, सात. मी आठ मारले होते. लोक हसले. रडणाऱ्या बायकांतल्याही एकदोघी हसल्या – वृत्तांतात ते नाही, पण मी पाहिलं होतं.

साक्ष संपली. त्यानंतर त्याला कोणत्याच खाणीनं मुकादम केला नाही, असं ऐकलं होतं. चौकशी करायला हवी होती. केली नाही.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

सहा. साडेअकराला आणि चारला. टायपिस्ट बाईंना ऐकू येत नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर

घरी. सकाळी माझी बायको डोरोथिया जिन्यावरून ओरडली, न्हाणीघरात नळ ठोके देतोय.

"किती?"

"किती म्हणजे? एक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक." माझ्याकडे बघत राहिली. "गिल्बर्ट, नळ वाजतो म्हटल्यावर पहिला प्रश्न 'किती' असा कोण विचारतं?"

मी आत जाऊन उभा राहिलो. नळाला हात लावला. गार. दहा मिनिटांनी हाताखालीच – एक.

पण हिलाही ऐकू येतंय. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. याचा आनंद मानावा की काय, कळेना.

सोमवार, ११ ऑक्टोबर

नळवाला येऊन गेला. डोरोथियाला म्हणाला, हवा अडकली तर नळ गुरगुरतो बाईसाहेब, थरथरतो. असा मोजून एकेक ठोका द्यायला माणूस लागतो. तिनं त्याला चहाही दिला नाही.

ऑफिसात सहा. घरी एक. का असं, काही उमगत नाही.

बुधवार, १३ ऑक्टोबर

पक्षाचे मुख्य प्रतोद क्लबात जेवायला घेऊन गेले. मांसावरचं रेशन उठल्यापासून हा गृहस्थ दोन माणसांचं जेवतो. तिसरा तुकडा कापता कापता म्हणाला, लॉर्ड चॅन्सेलर नाताळात निवृत्त होतायत. तुझं नाव वर घेतलं जातंय. वाण्याच्या पोराला इंग्लंडातलं सगळ्यांत मोठं न्यायपद, काय!

मी घास गिळायचा विसरलो.

मग सहज म्हणाला, तेवढं स्केल्डरचं नीट बंद कर म्हणजे झालं. मेलेल्यांना उकरून कोणाचं भलं झालंय?

परत आलो तर पेव्हरेलनं काँक्रीटचा हुकूम टाइप करून ठेवलेला. फक्त तारीख मोकळी.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

स्केल्डरला जाऊन आलो. पेव्हरेलला न सांगता.

लेडलर मला खाली घेऊन गेला. चाळिशीचा, खाणीतच वाढलेला, मोजकं बोलणारा. पाऊण मैल वाकून चाललो. भिंत दिसली. साधी विटांची. तेवीस वर्षं मनात तिची उंची वाढत गेली होती, प्रत्यक्षात जेमतेम माझ्या डोक्यापर्यंत. मी कान लावला. लेडलर दिवा दुसरीकडे वळवून उभा राहिला. मला काही ऐकू आलं नाही. मला वाटतं, तेच जास्त वाईट होतं. इथं तरी ठोके ऐकू यायला हवे होते.

वर आल्यावर रेनच्या घरी गेलो. सत्तरीचा झालाय. ओळखलं त्यानं लगेच. टोपी न काढता दारातच म्हणाला, "या. मंत्र्याला उंबऱ्यावर उभं करायची रीत नाही आमच्यात." त्यानंच चहा केला. शेगडीवर कढलेला, काळाकुट्ट. सीड केक कापून पुढं केला. मी माफीची भाषा जुळवत होतो. गाडीत पाठ केली होती. त्यानं ती काढूच दिली नाही.

म्हणाला, गावानं लबाड म्हटलं. खाणीनं खालच्या कामाला लावलं. ते सगळं होऊन गेलं. पण एक सांगतो –

"तुम्ही खरं बोलत असावात, अशी मी रोज प्रार्थना करतो."

मला अर्थ लागेना.

"मी चुकलो असेन तर आमचा जोएल त्या शनिवारी क्षणात गेला. त्याला कळलंही नसेल. मी बरोबर असेन, तर?" केकचा चुरा बोटानं गोळा करत राहिला. "तेवीस वर्षं मी माझ्या कानांना खोटं पाडतोय, मिस्टर हॅसवेल. तुमच्यापेक्षा जास्त उलटतपासणी केलीय मी त्यांची. उघडू नका ती भिंत."

निघताना त्यानं माझा हात धरला. खरबरीत, गरम हात. मी हो म्हणालो.

शनिवार, १६ ऑक्टोबर

सुटलो. ज्याचं वाटोळं केलं त्यानंच सांगितलंय. काँक्रीट ओतायचं. सोमवारी सही. डोरोथियाला चॅन्सेलरचं सांगितलं. ती म्हणाली, झग्याला मागून एक माणूस उचलून धरायला लागतो म्हणे. दोघंही हसलो. खूप दिवसांनी.

न्हाणीघरात एक. मी दार लावून घेतलं.

सोमवार, १८ ऑक्टोबर

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी अकरा. पेव्हरेल समोर उभा. हुकूम पुढ्यात. मी टोपण काढलं. नळात सहा. मी पेव्हरेलकडे पाहिलं – त्याचे डोळे नळाकडे गेले. गेलेच! मी विचारलं, ऐकलंस ना? तो म्हणाला, इमारत जुनी आहे, साहेब.

मी उठलो. पेनच्या टोकानं नळावर सात ठोके दिले. का सात, सांगता येत नाही. हातानं दिले.

काही नाही. रस्त्यावरून बस गेली. मग नळातून उत्तर आलं. सहा. आणि थोडं थांबून, फार लांबून, दुसऱ्याच कुठल्या तरी नळातून यावा तसा – एक.

मिळून सात.

पेव्हरेल पांढराफटक. म्हणाला, मी बाहेर थांबतो.

रेनला दिलेला शब्द मी मोडला. काँक्रीटचा हुकूम फाडला आणि भिंत उघडायच्या कागदावर सही केली. त्यानंतर दिवसभर नळ गप्प.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

गप्प. घरीही.

बुधवार, २७ ऑक्टोबर

गप्प. मुख्य प्रतोद लॉबीत समोरून आले आणि मान वळवून गेले. चॅन्सेलरपदासाठी आता दुसरं नाव ऐकू येतंय.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

लेडलरचा फोन. आवाज खाली-वर होत होता. दोनदा सांगावं लागलं त्याला.

भिंत पहाटे फोडली. आत वीस यार्डांवर सहा जण. बोगद्याच्या कडेला टेकून, ओळीनं बसलेले, मांडीवर जेवणाचे डबे. दोघांच्या पायांना फळ्या बांधलेल्या – म्हणजे मोडलेले पाय कोणीतरी बांधले होते. शेजारच्या कोळसा वाहायच्या गाड्यावर खडूनं लिहिलेलं. त्यानं ते अक्षर अन् अक्षर वाचून दाखवलं. मी उतरवून घेतलं:

"मंगळवार. आम्ही सहा. धुरानं गळालोय, चालता येत नाही. जोएल रविवारी दुपारी जुन्या वाटेनं मदत आणायला गेला. त्याची वाट बघतोय."

मंगळवार. भिंत रविवारी घातली.

आणि ते सहा ठोके. आम्ही सगळ्यांनी – रेननंसुद्धा – एक मेला असं धरलं होतं. मेला नव्हता कोणी. निघाला होता.

माझ्या कानांत ती पेन्सिल वाजते आहे.

बुधवार, १० नोव्हेंबर

लेडलर जोएलच्या मागानं निघालाय. जुन्या नकाशात एक सोडून दिलेली वाट आहे. दरडींतून, दोन मैल, चर्चमागच्या शेतात, खाणीत हवा उतरावी म्हणून खणलेल्या जुन्या विहिरीपर्यंत. तिच्यात लोखंडी शिडी होती, वर पार गवतापर्यंत. मी विचारलं, मग तो वर का आला नाही? लेडलर म्हणाला, अंधारात दरडी उपसत जायचं म्हणजे तीन दिवस तरी लागले असतील. आणि विहीर आता बुजवलेली आहे. केव्हा बुजवली ते ठाऊक नाही, खाणी सरकारच्या झाल्यापासून कंपनीचे कागद तुमच्याकडं लंडनला आहेत.

पेव्हरेलला ते शोधायला सांगितलं.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

दरडीत हातानं उपसलेलं एक भोक सापडलं. माणूस सरपटत जाईल एवढं. पलीकडे वाट चालू आहे.

शनिवार, १३ नोव्हेंबर

जोएल रेन सापडला. विहिरीच्या शिडीवर, तळापासून नवव्या पायरीवर, वरून ओतलेल्या दगडमातीत उभा. दोन्ही हात पायरीला धरलेले. चढत होता.

पेव्हरेलनं एक कागद समोर ठेवला. कंपनीनं वकिलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. दोन ओळी. "शेतातील विहीर आजच बुजवावी. मूल पडल्यास कंपनी जबाबदार ठरेल." बुधवार, १८ मार्च १९३१. स्फोटानंतरचा पाचवा दिवस. खाली माझी सही. मला तो आठवतही नाही.

"दुसरी प्रत नाही, साहेब," पेव्हरेल म्हणाला. शेगडीत दोन कोळसे जास्त टाकले आणि दार ओढून घेऊन गेला.

अमॉस रेनला अजून कोणी काही सांगितलेलं नाही. उत्तरेची गाडी दोन दहाला. कागद कोटाच्या आतल्या खिशात घेतलाय.