शुक्रवारचा थाळा आणि साम्यवादाचा प्रतिबंध

दुखानच्या वाळवंटातील समस्त लिपिकमंडळाचे मुकुटमणी, टाचणी-शाई-कार्बनकागदादी शस्त्रागाराचे एकमेव किल्लीधारक, कनिष्ठ कर्मचारी भोजनगृहात पंख्याखालच्या प्रथम खुर्चीचे वंशपरंपरेने नव्हे तर स्वपराक्रमाने झालेले अधिपती, आणि लंडन-वॉशिंग्टन या उभय राजधान्यांच्या जागतिक धोरणाशी मांडी घालून सामना करणारे रत्नागिरी जिल्ह्यातील ज्ञात इतिहासातले एकमेव गृहस्थ यांच्या सेवेशी.

अब्बा,

एवढे वाचून तुम्ही "आता मुद्द्याचं बोल" म्हणाला असता. शाळेत मला फारसीऐवजी संस्कृत घ्यायला तुम्हीच लावलेत, कारण फारसी मौलवीसाहेब फुकट शिकवत होते. त्या निर्णयाचे फळ वरच्या परिच्छेदात तुम्ही भोगलेच आहे. मुद्दा असा की तुमची नात, जिला तुम्ही पाहिले नाही, महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकते. महायुद्धानंतर साम्यवादाचा प्रसार रोखण्यासाठी पाश्चात्त्य राष्ट्रांनी आखलेल्या परराष्ट्र धोरणावर ती परवा निबंध लिहीत होती. मध्येच तिने विचारले, "तुम्ही तेव्हा कतारला होतात ना? तिथे काही जाणवलं का?" मी म्हटले, "जाणवलं. तुझ्या आजोबांचं जेवण बंद झालं." ती हसली. मी सदैव विनोदच करतो हा गैरसमज आपल्या घराण्यात सार्वत्रिक आहे. त्या क्षणी मात्र मी केवळ इतिहास सांगत होतो.

कतारमधल्या त्या दुखानला कंपनीच्या तेलक्षेत्रावर तीन भोजनगृहे होती: एक गोऱ्या अधिकाऱ्यांचे, दुसरे आपणा कारकुनांचे, तिसरे कामगारांचे. वर्णव्यवस्थेची इतकी निर्दोष अंमलबजावणी माझ्या संस्कृतच्या गुरुजींनीही पाहिली नसेल. अपवाद फक्त शुक्रवारचा. नमाज आटोपली की कोकणातली सारी माणसे फिटरांच्या बराकीत जमत आणि चार-चार जण एकेका थाळ्याभोवती बसत. कोण कुठल्या श्रेणीचा हे पाहायचे नाही. जागा दिसेल तिथे टेकायचे. नियम एकच. जेवण झाले की उठावे, आणि जो सर्वांत शेवटी उठेल त्याने थाळा घासावा. आपल्याकडची माणसे एवढ्या वेगाने का जेवतात, याची सामाजिक मीमांसा या नियमात दडलेली आहे. मला अजून दिसते: हेडक्लार्क असलेले तुम्ही पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून बसता, शेजारी खंदक खणणारा गावकरी असतो, आणि हामूर माशाच्या तांबड्या कालवणात दोघांचे हात एकाच वेळी उतरतात.

पुढे क्रांती होऊन बगदादच्या राजाची गादी उलथली आणि लंडनपासून दुखानपर्यंत सर्वांना प्रत्येक बराकीआड लाल छाया दिसू लागली. आपल्याकडे नवा सुरक्षा अधिकारी आला. त्याने आल्या आल्या मलबारच्या एका सुताराला परतीच्या आगबोटीत बसवले, कारण त्याच्या पेटीत लाल बांधणीचे पुस्तक सापडले होते. ते होमिओपॅथीचे निघाले. पण तोवर आगबोट सुटली होती. मग त्याने तुम्हाला बोलावले. मी त्याचा टंकलेखक, तिथेच यंत्रापुढे बसलेला. त्यामुळे त्या शिखर परिषदेचा मी एकमेव जिवंत साक्षीदार आहे.

"शुक्रवारी बराकीत काय चालतं?"

"जेवण, साहेब."

"दार लावून?"

"माश्या येतात, साहेब."

"कारकून, फिटर, मजूर, सगळे एकत्र? यांचा पुढारी कोण?"

तुम्ही प्रामाणिकपणे विचार केलात. पुढारी असा कुणी नव्हताच. शेवटी म्हणालात, "जो शेवटी उठतो तो. त्याच्याकडे काम असतं."

"म्हणजे पुढारी दर आठवड्याला बदलतो?"

"इन्शाल्ला, साहेब."

"आणि प्रत्येक थाळ्याचा वेगळा?"

"थाळा वेगळा, तर माणूस वेगळाच असणार."

साहेबाचा चेहरा उजळला. छोटे छोटे गट, प्रत्येकाचे फिरते नेतृत्व, बंद दार! त्याच्या प्रशिक्षणात गुप्त संघटनेचे जे लक्षण शिकवले होते ते तुम्ही त्याच्यासमोर कालवणासकट वाढले होते. तो म्हणाला, हे बंद करा, अन्यथा तुमच्या कराराचे नूतनीकरण होणार नाही. त्या वर्षी गावी आपल्या घराच्या भिंती उभ्या होत्या आणि कौले यायची होती. करार गेला तर छप्पर गेले, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक होते. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब, बंद करण्याआधी एकदा येऊन बघा. या शुक्रवारी माझ्या थाळ्यावर या."

तो आला, हे मी त्याच्या शौर्याचे द्योतक मानतो. बूट काढून बसताना त्याची जी त्रेधा उडाली ती पाहून आपला थोरला फिटर म्हणाला, "गुडघं मोडत नाय काय यांच्या विलायतेत?" साहेबाने तुमच्याकडे पाहिले. तुम्ही इंग्रजीत सांगितलेत, "तो आपलं स्वागत करतो आहे." मग आपल्या रीतीप्रमाणे जो तो उत्तम तुकडा बोटांनी पाहुण्याच्या बाजूला सारू लागला. "पोटाचा तुकडा सार तिकडं." "काटा बघून हां, साहेब!" साहेबाच्या डोळ्यांतून तिखटाचे अश्रू वाहत होते, पण तो जेवला, आणि मनापासून जेवला. फक्त त्याला लहानपणी सावकाश चावून खायला शिकवले होते. फिटर उठला, मग तो खंदकवाला. तुम्हीही उठलात. थाळ्यावर साहेब एकटा उरला, काटा निवडत.

फिटर हळूच पुटपुटला, "आता पुढारी साहेबच." मी मनात म्हणत होतो, अब्बा, पुढे व्हा, तो थाळा उचला, आपली कौले त्या थाळ्यातच आहेत. तुम्ही पुढे झालात खरे; पण काथ्याची घासणी आणि साबणाचा तुकडा त्याच्या हातात दिलात आणि नळ दाखवलात. त्याने थाळा घासला. उत्तम घासला. टॉवेलने हात पुसून सर्वांना धन्यवाद दिले आणि निघून गेला. पुढच्याच आठवड्यात मी दोन आदेश टंकलिखित केले. पहिला असा की आरोग्याच्या कारणास्तव यापुढे प्रत्येकाने आपापल्या श्रेणीच्या भोजनगृहात, कंपनीने दिलेल्या कप्प्यांच्या ॲल्युमिनियमच्या ताटात जेवावे. दुसरा, दृष्टी क्षीण झाल्यामुळे हेडक्लार्कच्या कराराचे नूतनीकरण होणार नाही. तुमची दृष्टी उत्तम होती. आदेशातली टंकनाची चूक तुम्हीच मला दाखवलीत.

धक्क्यावर मी विचारले, "अब्बा, तुम्हीच घासला असता तर काय बिघडलं असतं?" तुम्ही होडीत पाय ठेवता ठेवता म्हणालात, "मग ती खानावळ झाली असती रे. तो गिऱ्हाईक, आपण पोऱ्ये. आपण त्याला जेवायला बोलावलं होतं." एवढेच. घरावर तुम्ही कौलांऐवजी माडाच्या झावळ्यांची झापे घातलीत आणि त्या झापांखालीच गेलात. पहिली कौले मी पाठवलेल्या पैशांतून चढली, ती तुम्ही पाहिली नाहीत. मी तिथेच राहिलो, त्या कप्प्यांच्या ताटात जेवत. भाताला सीमा, डाळीला सीमा, तांबड्या कालवणाला तर विशेष उंच सीमा. जागतिक धोरणाचा असा सुबोध नकाशा तुमच्या नातीच्या पाठ्यपुस्तकात नाही.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, म्हणून हे पत्र कपाटातच राहील. मला ते ताट आवडायचे. लोणचे आपल्या जागी राहते.

बाकी क्षेम. तुमच्या कब्रस्तानच्या फाटकाची कडी लागत नाही आणि शेजारच्या शेळ्या खुशाल आत चरतात. ग्रामपंचायत म्हणते, ते मशिदीच्या जमातीचे काम. जमात म्हणते, फाटक रस्त्यावर उघडते, तेव्हा ते ग्रामपंचायतीचे. सध्या मी सुतळीने बांधून आलो आहे, आणि सुतळी शेळ्या खातात.