त्रेसष्टच्या आत

२ जानेवारी

सगळं वर्ष आज कागदावर कापून ठेवलं. कारखान्यात शाळांचे गणवेश कापते तसंच — आधी माप, मग कात्री. पहिले चार महिने पाया: वजन कमी, आवर्तनं जास्त. पुढचे चार वजन चढवत न्यायचं. शेवटी जड, दोन-तीनच आवर्तनं. दर चौथा आठवडा हलका. डिसेंबरात पॉवरलिफ्टिंगची, म्हणजे वजन उचलण्याची स्पर्धा.

नवशिक्याचं बरं असतं. दर खेपेला बारवर अडीच किलो चढवायचे आणि मिरवायचं! माझे ते दिवस सरले. आता महिन्याकाठी अडीच किलो वाढले तरी खूप. म्हणून हा वर्षाच्या तक्त्याचा खटाटोप.

आणि यंदा तो केलाच पाहिजे. पुढच्या वर्षी मला चाळीस पूर्ण. चाळिशीनंतर ज्येष्ठ गट, आणि ज्येष्ठांचा संघच नसतो. या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडतात, एका वजनगटातून एकच बाई. त्रेसष्ट किलोच्या गटात मी दोन वर्षं दुसरी! दुसरीला टाळ्या मिळतात, जर्सी नाही. मला ती जर्सी हवी आहे. बस्स.

धाकटीचाही तक्ता केला. माझी जाऊ. दोन वर्षांपूर्वी मीच तिला जिममध्ये ओढलं — स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठताना, मागे उभं राहायला कुणीतरी भरवशाचं लागतं म्हणून. आता तीही उचलते. वजन एकसष्ट, म्हणजे माझ्याच गटात. तक्ता बघून म्हणाली, "एवढ्या रकान्यांत मी नेमकी कुठेय, ताई?"

१९ जानेवारी

सासूबाई: "गव्हाचं पोतं सरकव म्हटलं की तुझी कंबर धरते. आणि तिथे शंभर किलो?"

पोतं खरंच सरकवलं नव्हतं.

२८ जानेवारी

हलका आठवडा. हलका म्हणजे हलका! माझी पाठ वळताच धाकटीने दोन्हीकडे दहा-दहाच्या प्लेटा चढवल्या. "बार नुसता उडतोय ताई, लाज वाटते." अगं, लाज कसली? ताकद वाढते ती विश्रांतीत. पण तिला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

११ मार्च

बेंचवर पडून छातीवरून ढकललेलं वजन: पंचावन्न. गेल्या मार्चमध्येही पंचावन्न. मी मेल्यावरही बहुतेक पंचावन्नच.

२० एप्रिल

धाकटी बेकरीत कामाला. पहाटे भट्टीवर हजर. मी तक्त्यात आठ तास झोप लिहिली आहे, ही पाच तास झोपते. "आठ तास झोपले तर पाव कोण भाजणार? तुमचा तक्ता?" यावर दीर खो खो हसले. नवराही. हसा!

मी वेळेवर झोपते, मोजून खाते, सुतासारखी सरळ चालते — आणि माझा बार ढिम्म. ही मैद्याच्या गोणी वाहून येते, अर्धवट झोपेत जांभया देत डेडलिफ्टला बार जमिनीवरून उचलते, आणि तिचा आकडा वाढतो! याला न्याय म्हणतात का?

७ जून

डावा गुडघा कुरकुरतोय. तक्ता चौथ्यांदा बदलला. स्क्वॉटचे दिवस तिनाचे दोन केले, जड दिवस शनिवारी नेला, तर शनिवारी कारखान्यात जादा काम निघालं. शाळा उघडायच्या आधी सगळ्या जगाला गणवेश हवे असतात! रविवारी नेला. रविवारी जिम अर्धा दिवस. मग रागाने कागदच टराटरा फाडला आणि चिकटपट्टीने पुन्हा जोडला.

जिमचे मास्तर — स्वतःचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण सल्ल्याला कमी नाही — माझ्या खांद्यावरून बघत म्हणाले, "तू हे पेन्सिलने का लिहीत नाहीस?"

२२ ऑगस्ट

आज चाचणी. तिन्ही प्रकार, पूर्ण ताकद.

माझं गुडघ्याला पट्टी बांधून स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट मिळून दोनशे साडेब्याण्णव. एवढं कधीच झालं नव्हतं. इतकी खूश झाले की मास्तरांच्या पाठीत थाप मारली.

मग धाकटी. दोनशे पंचाण्णव.

अडीच किलो! माझ्याच तक्त्याने, माझ्याच हातांनी, माझ्याच गटात मी माझी प्रतिस्पर्धी तयार करून ठेवली. शाबासकी दिली. तोंडाने. नंतर कपडे बदलायच्या खोलीत नळ मोठा सोडून रडले. बाहेर आले तर धाकटी दाराशीच उभी, घरातली काचेची वस्तू हातून फुटल्यासारखा चेहरा करून.

जळफळाट होतोय. इथे लिहायला काय हरकत आहे? होतोय.

५ सप्टेंबर

काट्यावर धाकटी ६३.४. मी विचारलं, हे काय? "बेकरीत उरतं ते टाकून का द्यायचं, ताई?" आजवर कधी नाही ती अन्नाची कदर आत्ताच सुचली! म्हटलं, गट त्रेसष्टचा आहे, त्रेसष्टच्या आत राहायचं. मान हलवली. मान हलवायला काय जातं.

२७ सप्टेंबर

६४.८. सकाळी चार केळी. मोजली मी. वर दूध.

सासूबाई कौतुकाने वाढतात. "खाऊ दे गं, अंगाला लागतंय." अंगाला लागतंय हेच तर दुःख आहे!

१८ ऑक्टोबर

सहासष्ट पार. त्रेसष्टच्या वर गेलं की एकोणसत्तरचा गट. तिथे ती पलीकडच्या क्लबची — आम्ही तिला बुलडोझर म्हणतो — साडेतीनशे उचलून वर आरशात केस नीट करते. धाकटीचं तिथे काय होणार? तिसरा नंबर आला तरी नशीब. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच.

खरं लिहू? आकडा बघून आधी मनात आलं — सुटले! मग स्वतःचीच शरम वाटली. संध्याकाळी बसून तिच्यासाठी वजन उतरवायचा तक्ता केला. अजून वेळ आहे. भात निम्मा, गोड बंद, शेवटच्या आठवड्यात मीठ कमी. मला जिंकायचंय, पण ती पावांपायी बाद झाली म्हणून नाही.

तक्ता घेतला तिने. घडी घालून पर्समध्ये ठेवला. फार जपून ठेवला. पाळला मात्र नाही.

९ नोव्हेंबर

आज भडकलेच. जिन्यात बसून उकडलेली अंडी खात होती, माझ्यापासून लपून! म्हटलं, "तुला कशाचंच गांभीर्य नाही. देवाने ताकद दिली, अक्कल नाही दिली. वर्षभर मी तुझ्यासाठी डोकं फोडतेय आणि तू तोंड चालवतेयस. पुन्हा माझ्याकडे तक्ता मागू नकोस."

वाटलं, उलटून बोलेल. नेहमी बोलते. आज तिने कवचं गोळा केली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "उद्या तुमचा जड दिवस आहे ना, ताई? मी मागे उभी राहीन."

नवरा म्हणतो, फार बोललीस. मला कळत नाही का?

३० नोव्हेंबर

शेवटचा जड स्क्वॉट. एकशे बारा. खाली गेले आणि गुडघ्याने दगा दिला — अर्ध्यावर अडकले. मागून धाकटीचा आवाज, कानाशी: "उठा. मी आहे. उठा, ताई." हात नुसते जवळ धरले होते, बारला लावलेही नाहीत. उठले!

त्या दिवशीचं बोलणं मागे घ्यायला हवं होतं. प्लेटा उतरवत राहिले.

१३ डिसेंबर

स्पर्धेच्या हॉलमधल्या बाकावर बसून लिहितेय. वजनं झाली. मी ६२.३. धाकटी ६७.१. काटा बघून मी तोंड उघडणार, तोच मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "तिला काही बोलू नकोस. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी येऊन सांगून गेली — माझं नाव एकोणसत्तरमध्ये घाला, आणि ताईंना कळता कामा नये."

तिच्याकडे गेले. हातात पाव. म्हटलं, कुणी सांगितलं होतं गं तुला? शांतपणे घास गिळून म्हणाली, "मला अजून दहा वर्षं आहेत, ताई. तुमचं हे शेवटचं."

माझं नाव पुकारतायत.