अस्वलाचा फाटका कान

३ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पुढे लोकांनी फारच आग्रह केला तर बघू.

साहेबांनी पार्कमधली नवी डार्क राइड माझ्याकडे दिली. अंधाऱ्या शेडमध्ये रुळांवरून गाडी फिरणार, दोन्ही बाजूंना देखावे. लेकीला रोज सांगतो तीच गोष्ट सुचवली. अस्वलाची झोप हरवते, ते जंगलभर विचारत फिरतं, शेवटी झोप त्याच्याच पांघरुणाखाली सापडते. साहेब खूश. आजवर इथे मी कचऱ्याच्या डब्यांना जिराफाची तोंडं बसवत होतो. त्या तोंडांत लोक काय काय कोंबतात, ते इथे लिहीत नाही.

लेकीने एकच अट घातली. अस्वलाचा डावा कान फाटका हवा. गोष्टीत असं कुठेही नाही. पण वचन दिलं: शेवटच्या देखाव्यात अस्वलाचा कान फाटका असेल आणि ते तुला पंजा हलवून दाखवेल. मग तिने माझ्या बाहीला नाक पुसलं.

१४ मार्च
शेड पाहिली. छताखालच्या पाइपावर कबुतराने संसार थाटलाय. खाली घाणीचा थर. झाडूच्या दांड्याने हाकललं. संकल्प: आठवड्याभरात शेड कबुतरमुक्त.

२ एप्रिल
अस्वल तयार. फर झकास. चिकटवायच्या गोंदाला मेलेल्या उंदराचा वास येतो, पण वाळल्यावर जाईल. कान स्वतः फाडला. समोर उभा राहिलो, डाव्या हाताचा धरला आणि टरकन ओढला. तरी आधीचे दोन मुळापासून उपटून आले. कान फाडणं येरागबाळ्याचं काम नाही.

कबुतर आहेच.

९ एप्रिल
घात. साहेबांनी मला न विचारता शाळेतली पोरं देखावे बघायला आणली. सशाच्या पाठीवर जॅम. घुबडाच्या डोळ्यात च्युइंगगम. एकाने कोल्ह्याची जीभ चाटून पाहिली आणि मग दुसऱ्यालाही चाटायला लावली. मुलं ही जातच चिकट. मुलांसाठी राइड करण्यात खरी अडचण मुलांचीच आहे.



१० एप्रिल
उपाय सुचला. गाडीच्या दोन्ही बाजूंचा पत्रा उंच करायचा, मी बसलो की माझ्या हनुवटीला लागेल इतका. एकही हात बाहेर येता कामा नये. वेल्डरला सांगितलं. तो माझ्याकडे दोनदा बघून कामाला लागला. मोठी कल्पना ऐकली की माणसं अशीच बघतात.

१९ एप्रिल
पंजाच्या बटणावर वेल्डरला बसवतो आणि रोज सकाळी गाडीतून एकटाच फेरी मारतो. सगळं स्वच्छ दिसतं. अस्वल पंजा हलवतं तेव्हा माझे मलाच डोळे भरून येतात. गोंदाचा वासही असेल.

बायको घराची किल्ली द्यायला आली होती. गाडी बघून म्हणाली, लेकीला एकदा आत बसवून बघ. रंग ओला आहे, ते चिकट हात आत्ता नकोत, असं मी सांगितलं. हातांबद्दल बोलत नाही मी, म्हणाली. मग कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. तिला हल्ली अर्धवट बोलायची सवय लागलीय.

२७ एप्रिल
आज मेहुणा. हा इथेच आकाशपाळण्यावर आहे, त्यामुळे पोटात दुखणं आलंच. पोरांना यातून दिसणार काय, म्हणून विचारत होता. राइड नुसती बघायची नसते, अनुभवायची असते, असं त्याला सुनावलं. तोंड बघण्यासारखं झालं होतं. वाक्य पाठ करून बहिणीला सांगायला गेला असणार.

४ मे
छताखाली जाळी ठोकून घेतली. कबुतर जाळीच्या आतल्या बाजूला राहिलं. आता त्याला बाहेर जाता येत नाही. हा प्राणी मला शिसारी आणण्यासाठीच जन्मलाय.

११ मे, सकाळ
उद्घाटन. नवा शर्ट. गाडीत फक्त मुलं बसणार, हा नियम माझाच. मोठी माणसं देखावे सोडून पोरांना गप्प करत बसतात. लेक पहिल्या गाडीत. मी पंजाचं बटण दाबायला केबिनमध्ये.

११ मे, दुपार
पोरं आनंदाने ओरडत बाहेर आली. म्हटलं, जिंकलो. मग ऐकू आलं. आत खरं कबुतर आहे, वर पाइपावर बसलंय, आणि ते एका मुलीच्या डोक्यावर शिटलं. ती मुलगी सगळ्यांत खूश. आईला डोकं पुसूही देईना. किळस कशाची वाटावी हेसुद्धा या पोरांना शिकवलेलं नाही.

लेक शेवटी उतरली. कान फाटका होता का, विचारलं तिने. अगं, तुझ्यासमोरच तर होता, म्हटलं. समोर पत्रा होता, म्हणाली. तिने उठून बघायचा प्रयत्न केला, पण मांडीवर गाडीचा अडकवलेला दांडा होता. मग तिने पत्र्यालाच हात हलवून दाखवला. पलीकडून अस्वल हलवत असणार, बाबांनी वचन दिलंय, असं तिने शेजारच्या मुलालाही सांगितलं म्हणे.

११ मे, संध्याकाळ
सगळे गेल्यावर त्याच गाडीत बसलो. गुडघे दुमडून, डोकं तिच्या उंचीला आणून. पत्रा. पाइप. कबुतर. पुन्हा पत्रा. आतून सगळीकडे चिकट बोटांचे ठसे. पुसायला रुमाल काढला आणि तसाच खिशात ठेवला. मान आखडलीय.

१३ मे
साहेबांनी राइडचं नाव बदलून ‘कबुतराचं घर’ केलं. देखावे काढायचे, पत्रा राहू द्यायचा. वर बघायला बरा पडतो म्हणे. पाटीवर माझं नाव आहे, ‘देखभाल’ या शब्दापुढे. म्हणजे दाणे घालायचे आणि खालची घाण धुवायची. तरी पाटीवर नाव मेहुण्याचं नाही, माझं आहे. रबरी हातमोजे मागवलेत.

अस्वल घरी आणलं. लेकीच्या खोलीत मावत नाही, म्हणून दारात बसवलंय. वास अजून गेलेला नाही. बायको खिडक्या उघडत फिरतेय.

लेक स्टुलावर चढली. दोन्ही कान नीट चाचपून पाहिले. मग खाली उतरून मला सांगितलं की मी उजवा फाडलाय.