राण्यांचे नितळ गाल आणि माझा उजवा गाल

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल आणि भावोजींचा खोकला त्यांना फार बोलू देत नसेल (म्हणजे घरात शांतता असेल), असे धरून चालतो.

राजघराण्यांतील स्त्रियांची जुनी चित्रे पाहताना एक कोडे तुलाही पडले असेल. राणी साठीची असली तरी गाल नितळ. मागे पंखा धरून उभी असलेली दासी विशीची असली तरी चेहरा रापलेला. ही चित्रकाराची खुशामत म्हणावी, तर संग्रहालयात बावीस वर्षे चित्रांखालच्या पाट्या लिहिणाऱ्या माणसाचे एवढ्याने समाधान होत नाही. राण्या दुधाने स्नान करीत, मध चोपडीत, अशा कथा देशोदेशी आहेत. (ताजे दूध निरुपयोगी. ते आंबल्यावर जे आम्ल तयार होते, ते वरची मृत त्वचा सैल करते.) तेव्हा मी शास्त्रशुद्ध प्रयोग केला: रोज सकाळी आंबट दूध आणि मध, पण फक्त उजव्या गालाला. डावा तुलनेसाठी कोरा ठेवला. पंधरा दिवस बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली; पण उजवा गाल डाव्यापेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसू लागला!

हे मी घरात जाहीर केले, तिथेच घात झाला. रविवारी बोहल्यावर चढणारी तुझी भाची म्हणाली, "बाबा, माझ्याकडे पंधरा दिवस कुठे आहेत?" मी त्रैराशिक मांडले: पंधरा दिवसांचे काम एका दिवसात, म्हणून आंबटपणा पंधरापट. लिंबेही पिळली. तिने बापावर विश्वास ठेवून तो लेप दुपारभर ठेवला, आणि चेहरा असा लाल झाला की दार उघडताच शिंपीणबाईंच्या हातून टाचण्यांची डबी पडली. डॉक्टरांच्या मते लाली शनिवारपर्यंत उतरेल. तिचा राग मात्र त्यांच्या औषधाने उतरणारा नाही. "लग्नाला या," ती म्हणाली, "पण फोटोत माझ्या शेजारी उभे राहू नका."

त्यावर तुझ्या भावजयीने पाच वर्षांपूर्वीचा माझा फोटो समोर ठेवला. त्यातही उजवा गाल नितळ, डावा सुरकुतलेला! "कचेरीत खिडकी कुठल्या बाजूला आहे हो तुमच्या?" तिने विचारले. डाव्या. बावीस वर्षे ऊन डाव्या गालावर. राण्या सावलीत बसत, दासी उन्हात राबत. एवढेच ते रहस्य, आणि ते शोधले कोणी, तर जिने आजवर एकही पाटी लिहिली नाही तिने.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र खरे तर यासाठी की, तू दोन दिवस आधी ये. लेक तुझे ऐकते. मला तीन पाने लिहिल्याशिवाय 'चुकलो' म्हणता येत नाही, आणि ती पहिल्या पानावरच दार लावून घेते. तो एक शब्द माझ्या वतीने तू सांग.

आणखी ता. क. तिला माझ्या सिद्धान्ताविषयी काही सांगू नकोस. फक्त तिला खिडकीपाशी बसव आणि दोघी एवढे करा: आपापल्या दंडाची आतली बाजू वर करून त्या कातडीशेजारी दुसऱ्या तळहाताची मागची बाजू धरा. दोन्हींचे वय एकच, पण दंडाची कातडी लहान मुलासारखी दिसेल. मग तिला विचार, "या दंडाला कधी दूध लावले होतेस का गं?" ती हसली, तर मला हाक मार. मी दारामागेच उभा असेन.