माठातला चिमूटभर तांदूळ

शिनोली, ता. आंबेगाव
१० जानेवारी २००२

वर्गमित्र आणि बाकमित्र चिमाजी, मुक्काम मढ, यास सोपानचा नमस्कार, वहिनींना आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा, दमा, जे काही असेल ते मोकळेपणानं कळव, लपवू नकोस. आमच्याकडे सगळे खुशाल. कुशाबाईची कंबर थंडीत धरते तेवढी धरलीच आहे. आदेश रविवारपासून माझ्याशी बोलत नाही, बाकी विशेष नाही. (बोलत नाही म्हणजे आईमार्फत बोलतो. मी समोर बसलेला असतो आणि तो म्हणतो, "आये, आण्णांना इचार, चहा घेनार का." कुशाबाई मला विचारते. मी हो म्हणतो. ती त्याला सांगते. तोवर चहा निवतो.)

हे कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण तुझा त्यात हात आहे. तू दिवाळीत धाडलेला तांदूळ त्यात आहे.

आपल्या पक्षात दोन तट पडले, हे तुझ्या कानावर आलंच असेल. भांडण माणसांचं असतं तर मिटलं असतं, हे विचारांचं आहे. वरच्या वाड्यांचा भिमाजी म्हणतो, पक्ष निघाला तो शेवटच्या माणसासाठी. आमची भातखाचरं धरणात गेली, पाणी अंगणातून दिसतं पण शेतात येत नाही, तर आधी आम्हाला उपसा द्या. खालचा सावळेराम म्हणतो, पाट आला म्हणून ऊस आला, ऊस आला म्हणून पोरं शिकली, हेच पुढं न्या. दोघांचंही खरं आहे. (हीच पंचाईत. एक जण खोटा असता तर पत्र चार ओळींत संपलं असतं.) आणि दोघंही माझे विद्यार्थी, धरणाखाली गेलेल्या त्या शाळेत एकाच बस्करावर बसणारे. चिमाजी, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या शाळेचा चौथरा अजून वर येतो. मी मे महिन्यात जाऊन त्यावर बसतो. तिसरीचा वर्ग कविता म्हणायचा तेव्हा भिमाजी ओळ उचलायचा आणि सावळेराम ती ओढत न्यायचा. आता एकानं ओळ उचलली की दुसरा ती पाडतो. आमचा आदेश सावळेरामचा उजवा हात. आपल्याही दीड एकराला पाट लागला आहे ना.

तर पंचायत समितीचं तिकीट कुणाला द्यायचं ते सभासदांनी गुप्त मतदानानं ठरवावं, असं वरून पत्र आलं. दोघांचा गुरुजी म्हणून अध्यक्ष मला केलं. निम्म्या सभासदांना वाचता येत नाही, म्हणून युक्ती मीच काढली. प्रत्येकाच्या उजव्या मुठीत चिमूटभर तांदूळ, डाव्या मुठीत चिमूटभर बाजरी. तांदूळ म्हणजे भिमाजी, बाजरी म्हणजे सावळेराम. पडद्याआड जायचं, पाहिजे ते धान्य माठात टाकायचं, दुसरं खिशात घालून घरी न्यायचं.

एवढ्यावर थांबलो असतो तर आज आदेश माझ्याशी बोलत असता. पण मारुतीपुढं मांडव घातलेला, साठ-सत्तर माणसं समोर, मंचावर ते दोघं शेजारी शेजारी हात जोडून उभे, आणि माझ्या खिशात ऐक्यावर रचलेली आठ कडवी. वृत्त शार्दूलविक्रीडित, कारण मला तेच एक नीट साधतं. 'पाण्याने तुटली मने, परि पुन्हा ती एक होवोत ना' अशी सुरुवात. आणि फुटीपासून सावध राहा असा उपदेश असल्यानं प्रत्येक कडव्याच्या शेवटी मी 'सावधान' हा शब्द योजला होता.

तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

पहिल्या 'सावधान'ला पुढच्या रांगेतल्या सारजाबाईचा उजवा हात आपोआप वर गेला. (या बाईनं तालुक्यातलं एक लग्न चुकवलेलं नाही.) दुसऱ्याला बायकांची बाजू, तिसऱ्याला सगळा मांडव. ते दोघं नवरदेवासारखे माना खाली घालून उभे. मी डोळे मिटून म्हणत होतो. मला वाटलं, कवितेला दाद येते आहे. आठव्याला कोणीतरी हलगी वाजवली.

मतदान झालं, माठ उपडा केला. बाजरीच बाजरी, आणि त्यात चिमूटभर तांदूळ. तुझा, वासाचा. भागू तलाठी म्हणाला, "तांदूळ तर समद्यांनी उधळला राव. मग ह्यो कुनाचा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंगलाष्टकं म्हणणारा अक्षता टाकत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. गुप्त मतदान म्हणजे काय, ते मला त्या क्षणी नीट समजलं. आदेशनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो मांडवाबाहेर गेला.

भिमाजी खाली उतरून माझ्या पाया पडला. "गुरुजी, मला ह्ये येक मत पुरं हाय." त्याचे डोळे भरलेले. सावळेरामही मनाचा मोठा निघाला. म्हणाला, "ह्ये लगीन झालं, निवडनूक न्हाई. असलं तिकीट मला नगं." दोघंही केसांतला तांदूळ झाडत हसले, चार वर्षांत पहिल्यांदा. आता वीस तारखेच्या रविवारी फेरमतदान आहे, गहू आणि हरभऱ्यावर, कवितेविना.

वरच्या वाड्यांतली माणसं हल्ली वाटेत थांबून मला नमस्कार करतात. पोटच्या पोराचं तोंड न बघता तत्त्वाला मत दिलं, म्हणतात. काय करणार, शिक्षकाचा पिंड.

तुझा
सोपान

ता.क. तुला म्हणून सांगतो. मी तत्त्वाला मत दिलेलं नाही. डाव्या हातात कागद होता, त्याच मुठीत बाजरी. बाजरी बारीक, गोल. कडव्याकडव्याला ती गळत गेली. पडद्याआड मूठ उघडली तर रिकामी. उजव्या हाताला घामानं चिकटलेला तांदूळ तेवढा शिल्लक, तो टाकला. हे आदेशला सांगावं, तर भिमाजीच्या कानावर जाणार, आणि त्याचे ते भरलेले डोळे मला दिसतात. म्हणून कोणालाच सांगितलेलं नाही.

ता.क. दुसरा. दोन्ही मुठी भरलेल्या असत्या तर काय टाकलं असतं, हे विचारू नकोस. वीस तारखेला त्या भरलेल्याच असणार. म्हणून विनंती की, एकोणीसच्या आत तुझी प्रकृती बिघडल्याची चिठ्ठी एस.टी.च्या कंडक्टरजवळ दे. फार नको, मला रविवारी मढला यावं लागेल इतपत.

ता.क. तिसरा. पाकिटाचा डिंक धरत नाही. पत्र आदेश घोडेगावच्या टपालात टाकणार आहे (आईमार्फत हो म्हणाला). त्याला लहानपणापासून उघडं पाकीट वाचल्याशिवाय राहवत नाही. म्हणून अक्षर जरा मोठं काढलं आहे.